निरंक

मी कारकून आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी जे भांडण काढणार आहे ते कारकुनाच्या अधिकारानेच काढणार आहे. साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ, विचारवंत यांपैकी मी कोणीही नाही. नागपूर विद्यापीठाचा बी. कॉम., तोही सेकंड क्लास, आणि भंडाऱ्याच्या एका बँकेत वीस वर्षं खिडकीमागे बसून पन्नाशीकडे सरकत चाललेला गृहस्थ. हल्ली आमच्या जमातीला ‘सिंगल विंडो ऑपरेटर’ असं भारदस्त नाव मिळालं आहे. पूर्वी चार खिडक्यांवर वाटून मिळणारी बोलणी आता एकाच खिडकीवर मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

भांडण आहे आमच्या भाऊंशी. भाऊ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी. बँकेसमोरच्या टपरीवर दुपारी चार वाजता चहाबरोबर एक न्यायालय भरतं, त्याचे ते कायमचे न्यायमूर्ती. सरकार, क्रिकेट, कांद्याचे भाव आणि दुसऱ्यांच्या सुना यांच्यावरचे निकाल तिथे रोज लागतात. अपील चालत नाही. एका शुक्रवारी त्यांनी मास्तर या प्राण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

“तुमचं बरं आहे राजेहो,” भाऊ बशीतला चहा फुंकत म्हणाले. “घरात मास्तरीण आहे. अर्धा दिवस शाळा, पुरा पगार. दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, ऊन जास्त झालं की सुटी, पाणी जास्त झालं की सुटी. आणि काम काय? तर ‘पोट्टेहो, चूप बसा’ म्हणायचं!”

टपरीवर हशा झाला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला चौथा शनिवार होता. १ सप्टेंबर २०१५ पासून आम्हा बँकवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, आणि भाऊ त्या सुटीला सोमवारची रजा जोडून सासुरवाडीला निघाले होते. पण न्यायमूर्तींना असलं काही विचारायचं नसतं.

मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण चहाचे पैसे भाऊंनी दिले होते. आज हा लेख मी स्वतःच्या पैशाच्या कागदावर लिहितो आहे, तेव्हा बोलतो.

आमची सौ. शिकवते ती मिडल शाळा. सरकारी भाषेत ‘उच्च प्राथमिक’, म्हणजे सहावी ते आठवी. पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘मिडल’च म्हणतात. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्यं बदलली, मिडल तिथेच राहिली. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. “तुमच्या लेखापायी माझी बदली झाली तर रोजचा डबा तुम्ही करायचा,” अशी तंबी मला मिळालेली आहे. वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं गाव आहे, भंडाऱ्याहून स्कूटीने पाऊण तास लागतो, एवढं पुरे.

भाऊंच्या बाजूची एक गोष्ट मी आधीच मान्य करतो. असे मास्तर आहेत, जे विम्याच्या पॉलिस्या विकतात, प्लॉट विकतात आणि उरलेल्या वेळात शाळेत जाऊन विश्रांती घेतात. मी त्यांना चेहऱ्याने ओळखतो, कारण शाळेच्या वेळात ते माझ्याच खिडकीसमोर उभे असतात. पण बाजारात खोट्या नोटा निघतात म्हणून आपण नोटा घ्यायचं बंद करत नाही, उजेडात धरून पाहतो. मास्तरांनाही तसंच उजेडात धरून पाहावं, एवढंच माझं म्हणणं.

आता मिडलचं वय पाहा. अकरा ते चौदा. ही मुलं लहान म्हणावीत तर ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसतात, मोठी म्हणावीत तर पेन्सिल हरवली म्हणून रडतात. मुलांचे आवाज फुटत असतात, त्यामुळे प्रार्थनेची पहिली ओळ एका आवाजात आणि शेवटची भलत्याच आवाजात निघते. बालवाडीच्या बाईंचं सगळे कौतुक करतात आणि कॉलेजच्या प्राध्यापकांना लोक निदान घाबरतात तरी. मधल्या या तीन वर्षांना मात्र वाली नाही. आणि पोरगं शाळेतून सुटतं ते बहुतेक याच तीन वर्षांत, कारण याच वयात त्याच्या हातांना बाजारात भाव यायला लागतो.

त्यातून आमच्या झाडीपट्टीची बोली. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. सहावीतल्या एका मुलाने ‘माझे कुटुंब’ या विषयावर निबंध लिहिला:

“आमच्या घरी दिवारीत नवीन बार आला. आई दिवसभर बारापाशीच राहते. बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन आधी बार घेतात. बार घेतला की बाबा गाणे म्हणतात. शेजारचे लोक पण आमचा बार पाहायला येतात.”

वही आधी पडली मुख्याध्यापकांच्या हाती. सरळमार्गी माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते पालकांना बोलावणं धाडायला निघाले, “पोराला या वातावरणातून बाहेर काढलं पाहिजे” म्हणाले. सौ.ने वही घेतली, लाल पेनने ठिकठिकाणी एक अक्षर बदललं, आणि दारूचा तो अख्खा अड्डा पाळण्यात जाऊन झोपला. समासात तिने लिहिलं, ‘बाळाला माझा आशीर्वाद.’ पोरगं वही घेऊन घरी पळालं. दुसऱ्या दिवशी त्याची आई खरोखरच त्या बाळाला कडेवर घेऊन शाळेत हजर! “मॅडमनं आशीर्वाद धाडला, मंग पाया पडाले आनलं जी.” आमच्याकडच्या या ‘जी’ची गंमत अशी की तो लावला की भांडणसुद्धा विनंतीअर्ज वाटतं. त्या दिवशी सातवीचा भूगोलाचा तास बाळाने घेतला. ती बाई पुढे दर महिन्याला शाळेत येऊन मुलाची चौकशी करू लागली.

आता हे काम कोणत्या रकान्यात भरायचं? ‘अध्ययन निष्पत्ती’ नावाचा एक रकाना आहे. त्यात टिक करायची असते. ‘बाळ शाळेत येऊन गेलं’ असं लिहायला तिथे जागा नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढलं. आज ते असते तर पहिल्याच अंकाच्या दिवशी त्यांना निरोप गेला असता, “गुरुजी, दैनिकाची माहिती विहित नमुन्यात भरली का? फोटो अपलोड केला का?” दैनिक पहिल्याच दिवशी मासिक झालं असतं आणि महिनाअखेरीस बंद पडलं असतं.

तरीही भाऊंना हिशेबच हवा असेल तर हिशेब करू. माझा धंदाच तो आहे. बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा आणि १००० तास अध्यापन सांगितलं आहे. शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४५ तास, तयारीचा वेळ धरून. ४५ तासांना सहा दिवसांनी भागा. साडेसात तास येतात. भाऊंचा अर्धा दिवस जर साडेसात तासांचा असेल, तर त्यांचा पूर्ण दिवस पंधरा तासांचा असला पाहिजे. बँकेत ते साडेपाचला कुलपाचा आवाज ऐकून दचकून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण माझं खरं भांडण याच्याही पुढचं आहे, आणि ते एकट्या भाऊंशी नाही. त्याच कायद्याचं २७ वं कलम आहे. शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही, असं ते म्हणतं. अपवाद तीनच: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. कायदा करणारा भला माणूस होता. मास्तरला शाळेबाहेर नेऊन कारकून करायला त्याने बंदी केली. मग आपण काय केलं? मास्तरला शाळेतच बसवून कारकून केलं! कलमाचा भंग नाही, वर्गाचा दरवाजा उघडा, फळ्यावर तारीख लिहिलेली, आणि मास्तर खुर्चीत बसून माहिती भरतोय.

त्या तीन अपवादांबद्दल सौ.ने कधी कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री परक्या गावच्या शाळेत मतपेट्या आल्या तेव्हाही आणि यंत्रं आली तेव्हाही ती सतरंजीवर झोपली. २०११ च्या जनगणनेत तिने एका वस्तीतली घरं मोजली आणि त्यातल्या दोन घरांतली शाळेत न जाणारी तीन मुलं वर्गात आणून बसवली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं, नदीकाठच्या गावांचे हाल झाले. तेव्हा आधीच करोनामुळे शाळा बंद होती, तरी ती गेली. कोणाच्या घरची पुस्तकं भिजली ते विचारत फिरली, आणि आमच्या अंगणातल्या दोरीवर आठ दिवस मराठीची पुस्तकं वाळत होती. शेजाऱ्यांना वाटलं, बँकवाल्याने आता धुणीसुद्धा छापील घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा कामाला ती भीत नाही. मला राग येतो तो त्या बाकीच्या कामाचा, कारण ते माझं काम आहे. माझं म्हणजे कारकुनाचं.

उदाहरणार्थ तांदूळ. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, ही गोष्ट चांगलीच आहे. आमच्या धानाच्या जिल्ह्यातसुद्धा काही पोरांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण तेच असतं. सहावी ते आठवीच्या मुलाला माणशी १५० ग्रॅम तांदूळ. हजर मुलं ४७ असली तर गुणाकार करून ७ किलो ५० ग्रॅम. मग मागील शिल्लक, आजचा खर्च, अखेरची शिल्लक. तशीच डाळ, तसंच तेल, तसंच मीठ. हे रोजच्या रोज. त्यात पोत्याला उंदीर लागतात, आणि उंदराने खाल्लेल्या तांदळाचं व्हाउचर मिळत नाही. रात्री अकरा वाजता ती पाव किलोचा फरक शोधत बसते, तेव्हा मला माझ्या कॅशियरच्या दिवसांची आठवण येते. फरक एवढाच की कॅशियरला दुसऱ्या दिवशी सकाळी अपूर्णांक शिकवायचे नसतात.

शिवाय चवीची वही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडीची चव घ्यायची आणि वहीत अभिप्राय लिहून सही करायची. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम घरात होतो. रविवारी मी मोठ्या हौसेने वांग्याची भाजी केली. तिने एक घास घेतला आणि समोर बघत म्हणाली, “चव समाधानकारक.” पुढे सहीच करायची बाकी होती.

आणि २०१७ सालचा तो दिवस. त्याबद्दल मी स्वतः गुन्हेगार आहे, म्हणून तो सांगितलाच पाहिजे. त्या वर्षी ठरलं, की गणवेशाच्या दोन जोडांचे ४०० रुपये थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावेत. विचार चोख होता, मधले हात टळावेत. त्यासाठी आधी खाती हवीत. एका दुपारी आमच्या बँकेच्या दारात सौ. उभी, मागे काखेत पिशव्या धरलेल्या आया, आणि त्यांच्या मागे तेवीस पोरं. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा एअरकंडिशनर पाहिला होता. त्याच्यासमोर रांग लागली. पैसे काढायच्या रांगेपेक्षा ती शिस्तशीर होती.

मी एकेक फॉर्म तपासायला लागलो. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. खिडकीमागे बसलं की माणसाला काय होतं कळत नाही. मी तेवीसपैकी चौदा फॉर्म परत केले. सौ. खिडकीपाशी आली. “साहेब,” ती म्हणाली. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, साहेब ती मला पहिल्यांदाच म्हणाली. “साहेब, या बाया आजची मजुरी बुडवून आल्या आहेत.”

“नियम आहे,” मी म्हणालो. नियमच होता.

एक चुणचुणीत पोरगी खिडकीच्या जाळीला नाक लावून हे ऐकत होती. तिने विचारलं, “काका, नाव चुकलं तं मानूस बदलते का जी?” वीस वर्षांत माझ्या खिडकीवर विचारला गेलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न. त्याचं उत्तर आमच्या परिपत्रकात नव्हतं.

त्या रात्री वरणात मीठ नव्हतं. मी मीठ मागितलं. “अर्ज करा,” आतून उत्तर आलं. “तीन प्रतींत. सोबत आधारची झेरॉक्स.” मी आळणी वरण गुमान खाल्लं. पुढचे दोन आठवडे त्या चौदा फॉर्मांसाठी ती शाळा सुटल्यावर तीन कार्यालयं हिंडली. त्या दोन आठवड्यांत आठवीची समीकरणं मागे पडली, ती पडलीच. ४०० रुपयांच्या कपड्यासाठी दोन आठवड्यांची समीकरणं हा व्यवहार कोणत्याही बी. कॉम.ला तोट्याचाच दिसेल. पण आपल्या खतावणीत समीकरणांचं खातंच नाही, त्यामुळे तोटा कोणाला दिसला नाही.

इथे भाऊ म्हणतील, आणि शहाणी माणसंही म्हणतील, “अहो, पण माहिती नको का? मुलं किती, मुली किती, तांदूळ किती, हे कळल्याशिवाय सरकार मदत कशी करणार?” अगदी बरोबर. माहितीला विरोध करणारा मी कोण? माझी भाकरी तिच्यावरच चालते. पण माझ्या बँकेत एकदा नोंदवलेली रक्कम मीच पुन्हा चार वेगवेगळ्या नमुन्यांत लिहू लागलो, तर ऑडिटर माझ्या डोक्याची तपासणी करायला सांगेल. आणि दुसरं म्हणजे, माहिती ठेवायला जगाने एक माणूस निर्माण केला आहे. त्याला कारकून म्हणतात. तो स्वस्त असतो, चिवट असतो, त्याला चहा दिला की तो चालतो. सौ.च्या शाळेत तो नाही. अशा शाळांतून बहुधा तो नसतोच. म्हणून जी बाई बाळाचा बार झालेला ओळखते, तिला आपण पाव किलो तांदूळ शोधायला बसवतो. सोनाराला कोळसे वाहायला लावायचं आणि वर म्हणायचं, दागिने नीट होत नाहीत!

हे सगळं मी हसत सांगितलं असतं आणि विसरलोही असतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एक गोष्ट घडली.

रोवणीचे दिवस होते. पऱ्हे उपटून बांध्यांत लावायचे दिवस. अख्खं गाव चिखलात असतं, वर्ग निम्मे रिकामे असतात. सातवीत एक मुलगा होता, मागच्या भिंतीला टेकून बसणारा. गणितात कच्चा, पाखरांत पक्का. बांधीत सारसाची जोडी उतरल्याची बातमी वर्गात एकदा त्यानेच आणली होती आणि सौ.ने सगळा वर्ग धुऱ्यावर नेऊन उभा केला होता. हा मुलगा त्या दुपारी ऑफिसच्या दाराशी आला. बाहेर पाऊस. हातात शाळेच्या पेटीतलं पाखरांचं पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

“मॅडम, एक सांगाचं होतं जी.”

सौ. मोबाइलवर माहिती भरत होती. साडेतीन वाजले होते, चारच्या आत पाठवायची होती. निरोपात शेवटी तो नेहमीचा शब्द होता, ‘अतितातडीचे’. गावात रेंज अशी की एक पाऊल डावीकडे सरकलं की जाते. ती भिंतीला चिकटून एका पायावर उभी होती.

“थांब रे बाबू जरा. उद्या सांग हं.”

तो थोडा वेळ उभा राहिला. मग पुस्तक टेबलावर ठेवून गेला.

उद्या तो आला नाही. परवाही नाही. रोवणीला गेला असेल म्हणून चार दिवस गेले. रविवारी तिने मला स्कूटरवर बसवलं, म्हणजे मी चालवत होतो, पण बसवलं तिनेच. त्याच्या घरी आजी होती. मायबाप दुसऱ्याच्या बांधीत. “गेला जी मामासंगं,” आजी म्हणाली. “नागपूरले. हाटेलात ठेवतो म्हने मामा. तुमाले सांगून येतो म्हनून गेल्ता शारेत. सांगलं नाई का त्यानं?”

परतताना ती गाडीवर काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने मोबाइल काढला आणि त्या दिवशी पाठवलेला तक्ता माझ्यापुढे धरला. तक्त्याचं नाव होतं, ‘शाळाबाह्य मुलांची माहिती’. आणि त्याच्यापुढे, वेळेत, चारला दहा मिनिटं कमी असताना, तिने खराखुरा शब्द भरला होता: ‘निरंक’.

हा आमचा शब्द आहे. कारकुनांचा. देण्याघेण्याचं काही नसलं की आम्ही ‘निरंक’ लिहितो आणि घरी जातो. त्या शब्दाने कधी कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. शाळाबाह्य होऊ घातलेलं पोरगं दाराशी भिजत उभं होतं, आणि शाळाबाह्य मुलांचा तक्ता भरायचा होता म्हणून त्याच्याशी बोलायला वेळ नव्हता.

भाऊ, याचा काय हिशेब करता सांगा. हिला अर्धा दिवस म्हणायचा की पूर्ण?

मुलाचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार होते, नाटकं होतात, पाहुणे येतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींसकट सगळे पेंगतात. मंडईला गावचं माणूस कुठेही असलं तरी परत येतं. हाही आला. मामाने घेतलेली नवी पँट, हाताला भांडी घासून पडलेल्या भेगा. मंडईच्या दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. सौ. पुन्हा कसलासा तक्ता भरत होती. तिने मोबाइल उपडा ठेवला.

“बोल.”

“मॅडम, तवा सांगाचं होतं जी,” तो म्हणाला. “माहं नाव कापू नका म्हनून.”

बस, एवढंच होतं. नाव कापू नका. चार महिने हे वाक्य त्याच्याजवळ नागपूरच्या हॉटेलात होतं.

तिने हजेरीपट काढून दाखवला. चार महिने ओळीने गैरहजेरीच्या खुणा होत्या, पण नाव होतं. मग अख्खा एक तास ती त्याचं ऐकत बसली. तोवर पोर्टल आपोआप बंद पडलं आणि भरलेली सगळी माहिती पुसली गेली. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी आणि तिने मंडईतच मामाला गाठलं, चहा पाजला, समजावलं. मामा वाईट माणूस नव्हता. पोरगं परत वर्गात बसलं. आता ते हायस्कुलात आहे. गणितात अजून कच्चंच आहे.

पण हे आमचं नशीब. दर वर्षी मंडई प्रत्येक पोराला परत आणेल, असं कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

म्हणून मी, एक कारकून, हात जोडून मागणी करतो. कारकून द्या! प्रत्येक शाळेला परवडत नसेल तर आसपासच्या आठ-दहा शाळांत मिळून एक द्या. त्याला सायकल द्या, रजिस्टरं द्या, उंदीर द्या. हवं तर निवृत्त झाल्यावर मी येतो, मला पाव किलोचा फरक शोधायची आवड आहे. आम्ही शिकवायला येत नाही, तुम्ही मास्तरांना आमच्या खिडकीमागे बसवू नका. दोन्ही धंदे बुडतील.

तोपर्यंत दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तांदळाचं रजिस्टर मी लिहितो. अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे. भाऊंना हे कळल्यावर ते टपरीवर म्हणाले, “म्हणजे पगार तिचा आणि काम तुमचं!” पुन्हा हशा झाला. या खेपेला चहाचे पैसे मीच दिले होते, म्हणून मी त्यांना ती जुलैची गोष्ट सांगितली. भाऊंनी बशी खाली ठेवली. निकाल काही दिला नाही.

आणि सौ.ने एक सवय लावून घेतली आहे. कुठल्याही तक्त्यात ‘निरंक’ लिहायच्या आधी ती खुर्चीवरून उठते, दाराशी जाते आणि व्हरांड्यात कोणी उभं आहे का ते पाहून येते. त्यामुळे तक्ते थोडे उशिरा जातात. उद्या त्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आलीच, तर उत्तर मी लिहून देईन. ते काम कारकुनाचं आहे.